बिनगोट्याची कुर्ती

पतासीबाई सोळाव्या वर्षी विधवा झाली आणि शहाद्यात जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या घरीच राहिली. जेठ भीकमचंद यांचं कापडाचं दुकान होतं. मारवाडी विधवेनं तपकिरी, जाडंभरडं घालायचं. किनार नको, गोट्याची चमचमती जरीपट्टी नको. पतासीबाईनं तेही मान्य केलं. पण ढगळ कपडा अंगावर नुसता लोंबू द्यायला तिचं मन तयार होईना. दुकानात पडून असलेल्या हातमशीनवर ती स्वतःच्या कुर्त्या शिवू लागली.

त्या वर्षांत घरामागे मंदिर बांधत होते. कमानीचे दगड एकमेकांना कसे तोलून धरतात, हे ती गच्चीवरून बघत बसायची. तिच्या कुर्तीचंही तसंच होतं. सगळा भार खांद्यांवर, काखेत एक चौकोनी तुकडा आणि सरळ खाली उतरणाऱ्या शिवणी. बाकी काही नाही.

हळूहळू इतर बायकाही कापड घेऊन येऊ लागल्या. तापीकाठच्या गुजरांकडची मीनाबाई दरसाल तिच्याकडून पोलकं शिवून न्यायची.

एकोणीसशे अठरा साली भीकमचंदांच्या मुलीचं, भंवरीचं लग्न ठरलं. ती गुपचूप पतासीबाईपाशी आली.

"काकी, मला तुमच्या हातची एक कुर्ती हवी."

"लग्नाच्या कपड्याला माझा हात चालत नाही, पोरी."

"लग्नात नाही घालणार. सासरी गेल्यावर घालीन. गोटा मला टोचतो."

पतासीबाईनं केशरी रेशीम बेतलं. इतक्या वर्षांत रंगीत कापड प्रथमच तिच्या मांडीवर आलं होतं.

दिवाळीच्या सुमाराला तापाची साथ आली आणि भंवरीचा नवरा दोन-तीन दिवसांत गेला. सासूनं पेटी उघडली, तर वरच ती कुर्ती. बिनगोट्याची. कोणाच्या हातची, ते विचारावं लागलं नाही. भंवरीला माहेरी पाठवलं, आणि विधवेच्या हातच्या कुर्तीचं बोलणं तिच्याआधीच गावात पोहोचलं.

"काकी, खरंच त्या कुर्तीनं झालं का?" भंवरीनं विचारलं.

"कापड कोणाला मारत नाही."

"मलाही ते माहीत आहे. पण ती आता हातात घेववत नाही."

पुढच्या वर्षी मीनाबाई कापड घेऊन आली. पतासीबाई म्हणाली, "आता मी शिवत नाही."

"मी त्या वातले मानत नही, बाई."

"आज ते बोलणं मानत नाहीस. उद्या तुझ्या घरी काही झालं, तर मानशील."

मीनाबाई कापड परत घेऊन गेली.

त्यानंतर पतासीबाईनं फक्त स्वतःपुरतं आणि भंवरीपुरतं शिवलं, तपकिरी. एकोणीसशे एकतीसमध्ये ती गेली. भंवरीनं तिच्या हातची शेवटची कुर्ती विरेपर्यंत वापरली. मग दुकानातून येईल ते ती घालू लागली. तिला शिवता येत नव्हतं. तिनं अनेकदा विनवूनही, "हा बोल तुझ्या हाताला नको," म्हणत काकीनं तिला मशीनला हात लावू दिला नव्हता.