झाकणाखालचा रोटर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, बाबांजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — पण माफी मागायला आलोय असं समजू नका.

माझं शिक्षण विदर्भातल्या तालुक्याच्या शाळेत झालं. बाबा तिथल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. घराण्यात पहिला पदवीधर मी. भोपाळच्या कारखान्यात नोकरी लागली, टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं आणि शेजारी भेटले दाते काका. तपासणी विभागातले, निवृत्तीला आलेले. रिपोर्ट कसा लिहायचा, साहेबासमोर कसं बोलायचं, सगळं त्यांनी शिकवलं. मला ताप आला की काकूंची पेज यायची. हे विसरलोय असं नाही. हे लक्षात असूनच पुढचं केलं.

काकांकडे सासऱ्यांची जुनी अँबॅसिडर होती. मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी आनंद नगरच्या मूर्तिकाराकडून तिच्यातूनच यायचा. त्या वर्षी काकांनी तिचं इंजिन घरीच खोललं, वायरिंग स्वतःच्या हाताने नवं केलं. रविवारचा मी त्यांच्या हाताखाली. त्यांचा एक नियम होता, कारखान्यातून आणलेला — एकाने तपासून ‘ओके’ म्हटलं की दुसऱ्याने ते पुन्हा उघडायचं नाही.

“आपल्या माणसाच्या ‘ओके’वर भरवसा नसेल तर काम पुढे सरकेल कसं?” म्हणायचे.

बाबा पहिल्यांदाच भोपाळला आले होते. काका त्यांना म्हणाले, “यंदा मूर्ती तुमच्या मांडीवर. पुढच्या सीटवर बसायचं.” बाबांनी रात्री स्वतःच्या हाताने धोतर धुतलं.

चतुर्थीच्या सकाळी आम्ही सगळे मूर्तिकाराकडे पोचलो. गाडी छान आली होती. तिथे मंडळाचे सेक्रेटरी बाबांकडे बघून मला म्हणाले, “गाडीत मंडळाची माणसं बसतील. तुमचे वडील मागून येऊ देत — त्यांना चालायची सवय असेलच.”

दोघंतिघं हसले. बाबाही हसले, कारण त्यांना वाटलं हसायचं असतं. मी काकांकडे पाहिलं. काका खालच्या आवाजात म्हणाले, “जाऊ दे रे. सणाचा दिवस आहे.”

का जाऊ द्यायचं? कुणी ठरवलं?

मंडळी चहा प्यायला आत गेली. गाडी पुसायला म्हणून किल्ली माझ्याकडे होती. बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली एक छोटासा रोटर असतो. तो नसेल तर प्लगपर्यंत ठिणगी पोचत नाही. तो काढला, खिशात टाकला, झाकण बसवलं.

मग काय — काका किल्ली फिरवतात, इंजिन नुसतं घरघरतं. काकांनी बॅटरी पाहिली. पेट्रोल पाहिलं. प्लग काढून पाहिला, ठिणगी नाही. कपाळावरचा घाम शर्टावर पडत होता. रस्त्यावरून एकजण ओरडला, “भाई साब, अब इसी की स्थापना कर दो!” सगळे हसले. सेक्रेटरी घड्याळ बघत म्हणाले, “दाते, मेकॅनिककडे न्यायची होती. हौसेला काही मर्यादा?”

काकांचा हात झाकणाकडे गेला.

मी म्हणालो, “ते ओके आहे, काका. सकाळीच पाहिलं मी.”

हात थांबला. मागे आला. कशासाठी थांबला? मी त्यांचा माणूस होतो म्हणून. “मग माझं वायरिंगच चुकलं,” ते म्हणाले आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून पाने-पकडी गोळा करू लागले.

मूर्ती जड. गाडीत मांडीवर धरणं वेगळं, उचलून टाउनशिपपर्यंत चालत नेणार कोण? दोघांनी हात लावून पाहिला आणि सोडला. बाबांनी डोक्यावर दुपट्ट्याची चुंबळ ठेवली, म्हणाले, “द्या इकडं.” अख्खी मिरवणूक बाबांच्या मागून चालली. सेक्रेटरीसुद्धा. क्वार्टरांच्या दारांतून बायका बाबांच्या पायांवर पाणी घालत होत्या.

“बरं झालं बापा, गाडी बिघडली,” बाबा मला म्हणाले. गावी ही गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

गाडी ओढून आणली. संध्याकाळी मी रोटर परत बसवला, सांगितलं नाही. काकांनी पुन्हा किल्ली फिरवलीच नाही. गाडी ताडपत्रीखाली गेली, मग विकली. नेणाऱ्याने किल्ली फिरवली आणि ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. काका गेटपाशी उभे होते. “माझ्यावरच रुसली होती म्हणायची,” एवढंच बोलले. मग आत जाऊन पान्यांची पेटी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. “माझ्या हाताचा आता भरवसा नाही. तू ठेव.”

मी ठेवली.

ते सेक्रेटरी आज समोर आले तरी मी रोटर पुन्हा काढीन. बाबांच्या डोक्यावरची ती मूर्ती कुणाला परत द्यायला मी तयार नाही. पण ‘ओके’ मी सेक्रेटरींना म्हटलं नव्हतं. काकांना म्हटलं होतं.

काका आता नाहीत. पाने माझ्याकडेच आहेत. वापरतो.