माडांपुढची भाषणं

भाषणात मी एकदा इतका वेळ थांबले की सगळी सभा उठून चहाला गेली. असं थांबायला मला शिकवलं होतं शिरोड्याजवळच्या आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी. भाषणाचं मर्म त्यांच्याइतकं जाणणारा माणूस अख्ख्या किनाऱ्यावर झाला नाही, हे मी आजही नातवंडांना ठणकावून सांगते.

पुस्तकातलं दुसरं महायुद्ध सर भराभर उरकायचे आणि विलायतेच्या त्या चिरूटवाल्या पंतप्रधानापाशी येऊन रेंगाळायचे. तोंडात चिरुटासारखा खडू, ओठ पांढरे, नजर खिडकीबाहेर समुद्रावर. “बंदुका संपत आल्या की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात रे. तेव्हा काय बोलायचं, तेवढं शिका,” असं म्हणून ते वर्ग सरळ किनाऱ्यावर न्यायचे. लाट फुटताना गप्प राहायचं, ओसरताना बोलायचं, हा त्यांचा धडा. शाळा सुटली की स्वतः माडांच्या बनात हात उंचावून बोलत राहायचे. उन्हं तिरपी व्हायची, झावळ्या डोलायच्या, आणि लांबून बघताना मला वाटायचं, हे बन आता मुळं सोडवून लढाईला निघणार. सभेपुढे मात्र सर कधी उभे राहत नसत. समारंभात आभार मानायची वेळ आली की ते हटकून तांब्या भरायला जात.

पुढे त्याच शाळेत मी नवी मास्तरीण झाले. बांद्याच्या बाजारातली कडक साडी आणि त्याहून कडक भाषा. गावात आठवीचा वर्ग निघायचा होता, पण आईबाप मुलींना पाठवायला तयार झाले तरच. नाहीतर सातवीनंतर पोरी काजूच्या कारखान्यात. देवळात सभा भरली. ज्ञानाचा दीप वगैरे पेटवून झाल्यावर मी धड्याप्रमाणे थांबले, लाट ओसरायची वाट बघत. देवळात कुठली लाट!

“संपला वाटता,” कोणीतरी म्हणालं. “बरा बोलला चेडू. चाय खंय आसा?”

मी रडकुंडीला आले. तेवढ्यात खांबाआडून सरांचा थरथरता आवाज आला. भाषण नव्हे, त्यांनी चक्क देवाला गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यावर सगळ्यांनी होकार द्यायचाच असतो, हातातला चहा सांडला तरी.

“बा देवा म्हाराजा, गावच्या चेडवांका आठवीत बसूचा आसा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येंका कारखान्याची वाट दाखवू नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“घरात कोण आडवो इलो, तर त्येका उभो कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” शेवटी तर कपबश्याही थरथरल्या. देवापुढे दिलेला शब्द मागे घेणार कोण? वर्ग निघाला, मुलींनी भरला.

सभा संपल्यावर आम्ही बनातून परतत होतो. “सर, माझी फजिती झाली हो,” मी म्हटलं. सर थांबले, मान वर करून माडांकडे बघत राहिले. दूर एक लाट फुटली, ओसरली, मग ते म्हणाले,

“तू थांबलंस म्हणान माका बोलूक गावला, बाय. इतकी वर्सां मी ह्येंकाच सांगत होतंय. माड नुसते हलतत गो, व्हय म्हणत नाय.”