गोल्फवाल्याला सांगायची एक गोष्ट

नांदेडच्या स्टँडवर मी लातूरची एसटी पकडली तेव्हा माझ्या मांडीवर धपाट्यांचा (ज्वारीच्या पिठात लसूण-तिखट घालून थापलेल्या भाकऱ्यांचा) डबा होता, पायाशी पिठाची पिशवी होती आणि डोक्यात गोल्फ होता. तिसरी गोष्ट कंडक्टरला दिसली नाही, म्हणून तो फक्त पिशवीवरून भांडला.

हसा, पण आधी ऐका. किल्लारीच्या भूकंपाला काही वर्षं झाली होती आणि लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या होत्या. आमच्याकडची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला जायची आणि त्यांच्या मागे स्टोव्ह-पोळपाट घेऊन त्यांच्या आया. माझा सुधीर बारावीला होता. रजियाआपांच्या घरातली एक खोली आम्ही भाड्याने घेतली होती. नवरा पाटबंधारे खात्यात, नांदेडला. महिन्यातून एकदा मी जाऊन त्याचं घर माणसात आणून ठेवायची आणि परत यायची.

आता गोल्फ. ज्या घरात शिकवणीचं पोरगं, त्या घरातल्या टीव्हीचा आवाज बंद, हा आमच्या गल्लीचा कायदा होता. आवाज बंद करून मालिका बघा एकदा. सासू तोंड उघडते, सून रडते, का ते देवाला माहीत. क्रिकेट लावलं तर आपणच ओरडतो. एका दुपारी आपांनी बटणं दाबता दाबता गोल्फ लावला आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. हिरवंगार गवत, कुणी धावत नाही, कुणी ओरडत नाही. बघणारे लोक टाळ्यासुद्धा हळूच वाजवतात, जणू त्यांच्याही घरी बारावी आहे.

त्यात एक आपला माणूस होता. उंच, सरदारजी, फेट्याचा रंग रोज वेगळा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तोही आता आजोबा झाला असेल, सुनांसमोर त्याची शोभा कशाला? आपा त्याला 'लंबू' म्हणायच्या. लंबू लांबचा फटका असा मारायचा की चेंडू आभाळात विरघळायचा. आणि शेवटी हातभर अंतरावरून खळगीत नुसता ढकलायचा असला की चुकायचा! आम्ही तोंडात पदर कोंबून हळहळायचो. मग मला शोध लागला. ढकलण्याआधी तो कधी कधी उजवा तळहात पँटला पुसायचा. पुसला की चुकला. न पुसता मारला की आत.

माझी खात्रीच पटली. देशाचं एवढं नुकसान होतंय आणि त्यावरचा उपाय लातूरच्या एका भाड्याच्या खोलीत पडून आहे! त्यात नांदेडला असताना पेपरात बातमी वाचली: लंबू रविवारी किल्लारीच्या शाळेत पोरांना खेळाचं सामान वाटायला येणार. मी तडक धपाटे थापायला बसले.

"कुणाला एवढे?" ह्यांनी विचारलं.

"सुधीरला," मी म्हणाले. त्यातले अर्धे त्याचे होतेच.

चाकूरला शेजारी एक बाई येऊन बसली, कोंबडी मांडीवर घेऊन.

"कुठं चाल्लाव, बाई?"

"गोल्फवाल्याला भेटायला."

"बरी हाय का शिकवणी? माज्या भावाच्या पोराला फिजिक्स न्हाई जमून राहिलं."

मी म्हणाले, त्यांची शिकवणी नसते. तिने माझ्याकडे अशी कीव करून पाहिलं की मी कोंबडीकडे बघायला लागले.

लातूरला पोचले तर आपा दारातच. बातमी सांगितली आणि त्यांनी तिथेच बुरखा शोधायला सुरुवात केली. "अकेली कायकू जाते? मैं भी आती. वो मेरे टीव्ही में रहता!"

सुधीर पुस्तकातून मान वर काढून म्हणाला, "आई, परवा माझी टेस्ट आहे आणि तू गोल्फला?"

"भाजी झाकून ठेवते. तू पुस्तकात डोकं घाल."

अशी मी आई. माझ्या सुनेने हे वाचू नये.

रविवारी सकाळी औश्यापर्यंत एसटी आणि पुढे जीप. जीप भरली असं आम्हाला वाटलं, तेव्हा ती अर्धीच भरली होती. "सरका मावशी, आजून एक बसतंय," ड्रायव्हर म्हणायचा आणि खरंच एक बसायचं. उसाच्या गाड्यांमागून धूळ खात आम्ही किल्लारीत उतरलो, तेव्हा आपांचा बुरखा काळा होता यावर विश्वास ठेवावा लागत होता.

भूकंपानंतर नव्याने वसवलेलं किल्लारी समोर आलं. सरळ आखलेले रस्ते, सारखी घरं, एक झाकावं आणि दुसरं काढावं. आणि जवळजवळ प्रत्येक दारासमोर खाट. एका म्हाताऱ्याला विचारलं, दिवसाही खाटा बाहेर कशा?

"आत झोप न्हाई लागत, बाई. घर लई मजबूत हाय म्हनत्यात. असंल. आमी आपलं बाहीरच बरं."

शाळेच्या मैदानावर मांडव होता. लंबू खरोखरच उंच होता, फेटा केशरी. हार, नारळ, भाषणं. भाषण करणारे त्याच्याबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोलले. लंबू चोरून घड्याळ बघत होता. हा असाच निघून गेला तर?

शेवटी कुणीतरी म्हणालं, सरांनी एक फटका मारून दाखवावा. लंबू एकदम खुलला. काठी काढली, पाय रोवले आणि मारला. चेंडू शाळेवरून गेला, आम्ही माना वर करून वा-वा म्हणतोय, तोच पलीकडून आवाज आला: धाड्!

भूकंपानंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या पत्र्याच्या शेड्स अजून तिथे होत्या, कडबा ठेवायला. चेंडू त्या पत्र्यावर पडला होता.

गल्लीतली घरं रिकामी झाली. पीठ माखल्या हातांनी बायका, अर्धी दाढी केलेला माणूस, एका काखेत बाळ आणि दुसऱ्या हाताने सासूला ओढत निघालेली सून, सगळे रस्त्याच्या मधोमध येऊन आपापल्या भिंतींकडे बघत उभे. मांडवातलेही पळाले, अध्यक्ष हारासकट. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या पुढे फक्त आपा होत्या.

मैदानात एकटा लंबू उरला, हातात काठी. त्याला वाटलं, लोक त्यालाच भिऊन पळाले. कुणीतरी जाऊन कारण सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला. काठी त्याने पिशवीत घातली.

तेवढ्यात तुळसाबाई आल्या. शेडजवळच्या घरातली म्हातारी, पिठाच्या हातात चेंडू. "कुनी मारला ह्यो?"

लंबूने वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

"मार की, लेकरा. न्हाई कोन म्हनतंय? पर आदी सांगून मार!"

आधी एक जण हसला, मग सगळे. आणि गोल्फच्या इतिहासात नसेल अशी पद्धत किल्लारीने सुरू केली. माईकवरून एक मास्तर ओरडायचे, "सर आता मारणार आहेत, कोणीही पळू नये!" मग लंबू मारायचा. पत्रा वाजला की गल्ली टाळ्या वाजवायची.

मग पोरांनी मैदानात एक खळगी खणली. लंबूने हातभरावर चेंडू ठेवला. सगळं गाव कडं करून उभं. लंबू वाकला. आणि त्याचा उजवा हात हळूच पँटकडे निघाला.

"हात मत पुसो जी!"

हा आवाज माझा होता, हे मला आपांनी कोपर मारलं तेव्हा कळलं.

लंबूचा हात हवेतच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं, न पुसता ढकलला, आणि चेंडू खळगीपासून वीतभर लांबून गेला.

"हाय अल्ला," आपा म्हणाल्या, "बिगाड दिए ना तुमे!"

धरणी दुभंगावी असं त्या गावात तरी वाटून घ्यायचं नसतं, म्हणून मी नुसती लाल झाले. पण लंबूने मला बोलावलं. मी पुढे गेले आणि पाठ केलेलं सगळं भडाभडा सांगितलं: आवाज बंद टीव्ही, पँट, तळहात, देशाचं नुकसान.

तो मनापासून ऐकत होता. मग म्हणाला, "आंटीजी, पोंछने से नहीं चूकता. डर लगता है, तो पसीना आता है. पसीना आता है, तो पोंछता हूँ."

"तुमको डर? उतने पास से?"

"पास से ही तो. दूर से चूको, कोई कुछ नहीं कहता. पास से सब बोलते हैं, ये तो जाना ही चाहिए."

तुळसाबाईंना कुणीतरी मराठीत सांगितलं. त्यांनी त्याच्या दंडावर पिठाचा हात थोपटला. "भेव वाटलं तर वाटू दे. आमी बी भेतोच की. पळतो, मग परत येऊन भाकरी टाकतो."

धपाटे त्याने तिथेच उभ्याने खाल्ले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कुठून आलात विचारलं. मी म्हणाले, नांदेडची. "अरे! कल मैं वहीं था, माथा टेकने." गुरुद्वारा माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तो नांदेडला येत होता आणि मी त्याला गाठायला नांदेड सोडून पळत होते.

परतीच्या जीपमध्ये आपा माझ्या खांद्यावर घोरत होत्या. मला मात्र 'ये तो जाना ही चाहिए' सोडेना. सुधीरला शिकवणीतले सर, शेजारी, त्याचे वडील सगळे हेच म्हणायचे: तू तर आतच आहेस, आता नुसतं ढकलायचं. एका अनोळखी माणसाच्या तळहातावर मी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली होती. माझ्या पोराला मी फक्त मार्क विचारले होते.

खोलीत शिरले तर तो भाजी न उघडताच बसलेला.

"भेटला का?"

"भेटला." मी त्याच्याजवळ बसले. "सुध्या, तुला भीती वाटते का रे?"

त्याने पुस्तक मिटलं. "लई."

"मला पण," मी म्हणाले. "रोज. चपात्या करपतात त्या त्यामुळेच."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि असा हसत सुटला, असा हसत सुटला की त्याच्याबरोबर मीही सुटले. सगळी गल्ली गुपचूप अभ्यास करत होती आणि आमच्या खोलीत खो-खो चालू. शेवटी भिंतीपलीकडून आपा ओरडल्या, "क्या हुआ जी? पास हो गया क्या?"