लिंबू काढलेला चाकू

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही, देवासमोरही कधी मोठ्याने बोललेलो नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, आमच्या करावे गावात तुमचं येणंजाणं नाही, म्हणून असेल. तोंड न दिसणाऱ्या माणसापुढे बोलायला कमी धीर लागतो, आणि धीराच्या बाबतीत मी कसा आहे ते तुम्हाला पुढे कळेलच.

गोष्ट एका चाकूची आहे. घडीच्या, खिशात मावणाऱ्या, बोटाएवढ्या पात्याच्या चाकूची.

तळोज्याला एका कारखान्यात मी माल रवानगीच्या खात्यात आहे. दिवसभर खोकी, पट्ट्या, सुतळ्या, प्लास्टिक. काहीतरी कापायला सतत लागतं, आणि खात्यातली कात्री नेमकी तेव्हाच कुठेतरी गेलेली असते. म्हणून आपला स्वतःचा एक चाकू असावा, असं मला वाटायला लागलं. इथपर्यंत ठीक होतं. पण मी मोबाईलवर चाकूंचे व्हिडिओ बघायला लागलो आणि गरजेची हौस झाली. पातं कुठल्या लोखंडाचं, मूठ कशाची, उघडल्यावर लॉक बसतं की नाही, एका हाताने उघडतो की दोन – मला सगळं तोंडपाठ झालं होतं. लग्न ठरलं होतं, बायको कशी असेल याचा विचार करायच्या दिवसांत मी पात्यांचा विचार करत होतो.

लग्नाचंही निमित्त मिळालं. आमच्याकडे नवऱ्याला हळद लागली की लग्न लागेपर्यंत त्याच्याजवळ लोखंड असावं लागतं. हातात कट्यार नाहीतर सुरी, आणि तिच्या टोकाला लिंबू टोचलेलं. नजर लागू नये, बाहेरचं काही लागू नये म्हणून. आगरी-कोळ्यांच्या लग्नात तुम्ही बघितलं असेल. माझ्या मोठ्या भावाने चुलत्याची गंजलेली कट्यार धरली होती, फोटोत तो नाटकातला शिपाई दिसतो. मी म्हटलं, मी आपला माझा चाकू धरणार. हळदीलाही चालेल, नंतर कामावरही.

चाकू घ्यायला माझ्याबरोबर इम्तियाज आला होता. त्याच्याबद्दल सांगायला हवं. इम्तियाज माझ्याच खात्यात होता. मूळचा उरणकडचा, कोकणी मुसलमान. राहायला कोपरखैरण्याला. आम्ही एकाच आठवड्यात नोकरीला लागलो आणि तेव्हापासून एका डब्यात जेवलो – म्हणजे त्याच्या डब्यातली मच्छी मी खाल्ली आणि माझ्या आईने दिलेली मच्छी त्याने. माझ्या आईला तो 'आये' म्हणायचा. आमच्या घरात तो चप्पल काढून थेट चुलीपर्यंत जायचा, पातेल्याचं झाकण उघडायचा. असा मित्र.

पनवेलच्या जुन्या बाजारात एका दुकानात बघता बघता शेवटी निवडीला दोन चाकू उरले. एक लाकडी मुठीचा, साधा, नखाने पातं ओढून उघडायचा. दुसरा काळा. सगळाच काळा, पातंसुद्धा. अंगठ्याने ढकललं की 'खट्ट' करून उघडणारा.

"भावा, लाकडाचा घे," इम्तियाज म्हणाला. "आंबा कापायचाय का मर्डर करायचाय? चाकू कसा पाहिजे, कोणी बघितला तर हसला पाहिजे."

मी काळा घेतला. खरं सांगू का? तो 'खट्ट' आवाज मला आवडला. खोकी कापायला त्या आवाजाचा काय उपयोग? काही नाही. तीस वर्षांचा घोडा मी, आणि जत्रेतल्या पिपाणीला भुलावं तसा भुललो.

हळदीच्या सकाळी मावशीने तो चाकू बघितला आणि कपाळाला हात लावला. "यो कसला रं चाकू? कोलश्यासारका! बरं, दे हिकडं." तिने त्याला लिंबू टोचलं. लिंबाखाली काळं पातं जेमतेम दिसत होतं. आणि मग तिचं नेहमीचं: "हलद लागली हाय, आता लगीन व्हयपरयंत घराभायेर पाय ठेवाचा नाय."

दुपारी मी पाय बाहेर ठेवला.

झालं असं की माझी शेरवानी खांद्यात घट्ट झाली होती आणि मॉलमधल्या दुकानाने ती ढिली करून ठेवली होती. भाऊ मांडवाच्या कामात. इम्तियाज म्हणाला, मी आणतो. पण मला ती घालून बघायची होती. परत घट्ट निघाली तर? म्हणून त्याच्याबरोबर बाईकवर जायला मागच्या दाराने सटकलो. हातांना कोपरापर्यंत हळद, वर धुतलेला कुडता. कुडत्याला खिसा नव्हता. लोखंड तर जवळ हवं – तेवढा देवभोळा मी आहे. चाकू मिटायचा तर लिंबू काढायला लागणार. शिवाय लिंबाच्या रसाने पात्यावर डाग पडतोय की काय, याचीही मला सकाळपासून चिंता होती. मी लिंबू काढलं, गोठ्याच्या भिंतीवर ठेवलं, पातं कुडत्याला पुसलं आणि चाकू इम्तियाजच्या सॅकमध्ये टाकायला दिला. दिला म्हणजे बाईकच्या सीटवर ठेवला आणि त्याने उचलला. चाकू हातात दिला की भांडण होतं म्हणतात ना? तेवढंही आम्ही पाळलं.

ते लिंबू मी का काढलं? या एका गोष्टीचा मी इतक्या वेळा विचार केलाय. लिंबू टोचलेला चाकू बघून आमच्या भागातला कुठलाही माणूस काय म्हणेल? "काय, हळद का?" म्हणेल. हसेल आणि जाऊ देईल. लिंबाशिवाय तो नुसता चाकू होता.

मॉलच्या दारात मी पुढे होतो. तिथल्या तपासणीच्या चौकटीतून गेलो, वॉचमनने अंग चाचपलं, माझे हात बघितले आणि हसला. "शादी है क्या भाई?" मी म्हटलं, कल है. त्याने मला शुभेच्छासुद्धा दिल्या. मागे इम्तियाजची सॅक यंत्रातून गेली आणि थांबली.

दुसऱ्या वॉचमनने सॅक उघडली. चाकू काढला. अंगठ्याने ढकलला – खट्ट. आजूबाजूची माणसं वळली. एक बाई मुलाला ओढून मागे सरली. वॉचमनने इम्तियाजला नाव विचारलं आणि त्याने सांगितलं.

नाव ऐकल्यावर त्या माणसाचा चेहरा बदलला. हे मी बघितलं. मी आठ-दहा पावलांवर उभा होतो. त्याने वॉकीटॉकीवर कोणाला तरी बोलावलं आणि इम्तियाजच्या दंडाला धरलं.

इम्तियाजने माझ्याकडे बघितलं. घाबरलेला नव्हता तो. थोडा हसतच होता – आता हा बोलेल आणि संपेल, अशा नजरेने. बोलायचं तरी किती होतं? 'अहो, माझा आहे, हळद लागलीय, हे बघा हात.' एवढंच. माझे हात पिवळेधमक. शुभेच्छा देणारा वॉचमन अजून तिथेच होता.

मी हात काखेत घातले.

का? आता मांडून बघतो तेव्हा कारणं सापडतात. पोलीस आले तर लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा चौकीत. हळदीचा नवरा घराबाहेर गेला हे सासऱ्यांना कळणार. मावशी काय म्हणेल? पण त्या क्षणी यातलं काहीही डोक्यात नव्हतं. नुसती भीती होती. त्या वॉचमनचा बदललेला चेहरा माझ्याकडे वळू नये, एवढंच मला हवं होतं. मी पाठ फिरवली आणि सरकत्या जिन्यावर चढलो. वर जाऊन शेरवानी घालून बघितली. खांद्यात बरोबर बसत होती. दुकानातला पोरगा म्हणाला, एकदम फिट.

खाली आलो तेव्हा दारात कोणी नव्हतं. मी रिक्षाने घरी आलो आणि मागच्या दाराने आत शिरलो.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. मलाही इथेच थांबायला आवडलं असतं. घाबरला बिचारा, असं म्हणून तुम्ही मला सोडून दिलं असतं.

संध्याकाळी मांडवात बेंजो वाजायला लागला होता, बायका परत हळद लावत होत्या आणि माझा फोन वाजला. चौकीतून होता. हवालदार नीट बोलत होते, अरेरावी नव्हती. म्हणाले, "तुमचा मित्र इथे बसलाय. तो म्हणतो चाकू तुमचा आहे, तुमचं लग्न आहे. तुम्ही फक्त हो म्हणा, उद्या-परवा येऊन सही करा. तुमचा आहे का?"

बघा, दार उघडून दिलं होतं त्या माणसाने. आई शेजारी बसून माझ्या पायाला हळद लावत होती. तिने वर बघून खुणेनं विचारलं, कोण?

मी म्हटलं, "नाही साहेब."

"ओळखता ना त्याला?"

"कामावरचा आहे," मी म्हटलं.

मी त्याच्या डब्यातली मच्छी रोज खाणारा. माझ्या आईला तो आये म्हणणारा. कामावरचा आहे.

फोन ठेवला. आईला सांगितलं, बँडवाल्याचा होता. मग उठलो आणि नाचलोसुद्धा. नवरदेव नाचला नाही तर लोक विचारतील ना.

दुसऱ्या दिवशी इम्तियाजला त्याच्या भावाने सोडवून आणलं. लग्नाला तो आला नाही. मांडवात प्रत्येकजण विचारत होता, आपला इम्तियाज कुठंय? मी म्हटलं, "पकडलं त्याला. बॅगेत चाकू सापडला." यातला एकही शब्द खोटा नाही. मी शब्द खरे निवडले आणि गप्प बसलो. बाकीचं लोकांनी स्वतःच भरलं. काका म्हणाले, "मना वाटलाच व्हता. घरान घ्यायची नसतात असली मानसा." ज्या काकांना त्याने हॉस्पिटलात रक्त दिलं होतं, ते काका. मी अक्षता झेलत उभा राहिलो.

कामावर गेलो तेव्हा वाटलं, आता तो कॉलर धरेल. मला तेच हवं होतं बहुतेक. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, डबा न उघडता.

"टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला. "तू नाही म्हणालास ना, त्यानंतर मी तुझं नाव नाही घेतलं."

एवढंच. परत तो माझ्याबरोबर जेवला नाही. भांडण आमचं आजपर्यंत झालेलं नाही.

कुवेतची नोकरी त्याची पक्की झाली होती. हे मला माहीत होतं, चाकू घेतला त्या दिवशी चहा त्यानेच त्या आनंदात पाजला होता. परदेशी जायला पोलिसांचा दाखला लागतो. त्याच्या नावावर आता चौकीत नोंद होती, तिने दाखला अडकवला. तो खेटे घालत राहिला. मी बघत होतो – अर्धा दिवस रजा टाकून जायचा, दुसऱ्या दिवशी तोंड पाडून कामावर यायचा. तेव्हाही मी चौकीत जाऊन सांगू शकलो असतो. लग्न होऊन गेलं होतं, कोण खाणार होतं मला? रोज सकाळी ठरवायचो, आज जाऊ. दाखला मिळाला तोवर कुवेतची जागा भरली गेली होती. पुढे त्याने आमचा कारखानाही सोडला. आता कोपरखैरण्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. ते दुकान ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याने मी जात नाही.

त्याने कोणालाही काही सांगितलं नाही. कशावरून? माझ्या आईला तो मध्ये बाजारात भेटला होता. तिने घरी येऊन सांगितलं, "पाया पडला माझ्या. मी नीट बोलले नाही त्याच्याशी. तुला कमीपणा आणला ना त्याने, ऐन लग्नात." मी तिच्यासमोर भात कालवत होतो. कालवत राहिलो.

परवा थोरल्या चुलतभावाच्या मुलाची, म्हणजे माझ्या पुतण्याची, हळद ठरली. पोरगा माझ्याकडे आला, मोबाईलवर दोन घडीचे चाकू दाखवायला लागला. काका, कुठला घेऊ? शेजारी म्हातारे काका बसले होते. ते लगेच सुरू झाले – चाकू सांभालून हां बाबा, तुज्या काकाचा एक दोस्त व्हता, मुसलमानाचा पोर, ऐन लगनान चाकू घेऊन पकरला त्याला. वर्षानुवर्षं ते ही गोष्ट सांगतात. दर वेळी तिच्यातला चाकू थोडा मोठा होतो. पुतण्याने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शिकलेला मुलगा आहे, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. त्याने मला सरळ विचारलं, "खरंच काका? त्याचा होता चाकू?"

घरात आम्ही तिघेच होतो. पोलीस नव्हते, सासरे नव्हते, कसली घाई नव्हती.

मी म्हटलं, "हो. त्याचाच होता."