गौरव वापस काहून आला

मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर ट्रॅव्हल्सची गाडी सुरू करून ठेवलेली होती. बाबा मागच्या डिक्कीत पोती ठेवत होते. आई खिडकीशी बसून उगाच पदर सारखा करत होती. आणि माझा धाकटा भाऊ गौरव आत्याच्या कमरेला मिठी मारून उभा होता. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, मी सोळा. आत्या त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होती, "जाय ना बाबू. दिवाळीले तं येशीनच." तो सोडेना. शेवटी बाबांनीच त्याला उचलून आत आणलं. गाडी पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर बाबा मागे वळले आणि आम्हा दोघांना म्हणाले, "आयका रे. तिथं गेल्यावर मले-तुले करू नका. लोकं हासतात."

बाबांना ते माहीत होतं. मंगरूळपीरची दाल मिल बंद पडल्यावर ते आमच्या आधी वर्षभर पुण्यात राहून आले होते. चाकणच्या बाजूला एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवत होते. घरी फोन करायचे तेव्हासुद्धा आजूबाजूला कोणी असलं की आवाज बारीक करून बोलायचे.

माझ्या इंझोरी गावच्या माणसांनो, तुम्ही दर वेळी मला विचारता, "गौरव वापस काहून आला?" कोणी म्हणतं पोलिसांनी हाकललं, कोणी म्हणतं पोरीचं लफडं. काही पोरं तर छाती फुगवून सांगतात की तो पुण्यातला डॉन होता. म्हणून जे झालं ते लिहिते आहे. आपल्याकडून तिकडे गेलेल्या आणि घरात वयात येणारं पोर असलेल्या लोकांनीही वाचावं असं वाटतं.

शाळेच्या पहिल्याच आठवड्यात गौरव वर्गात उभा राहून म्हणाला, "सर, मले नाई समजलं." सगळा वर्ग हसला. सरही हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव "मले" पडलं. मैदानावर, पायऱ्यांवर, दुकानात, सगळीकडे "ए मले, इकडे ये." पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो इतकं सफाईदार "मला ना, असं झालंय" बोलायला लागला की फोनवर आत्याला वाटायचं, दुसरंच कोणीतरी बोलतंय. घरात आम्ही वऱ्हाडीत बोललो की तो उत्तरच द्यायचा नाही. आईने तर कॉलनीत बोलणंच बंद केलं. भाजीवाल्याकडे ती बोटाने वांगी दाखवायची.

आमच्या वरच्या मजल्यावर मणिपूरची दोन भावंडं राहायला आली. बहीण बेमबेम, पार्लरमध्ये काम करायची. भाऊ थोइबा, गौरवच्याच वयाचा, त्याच्याच शाळेत. त्यांचं गाव का सुटलं हे बेमबेम नीट सांगत नसे. विचारलं की ती खिडकीबाहेर बघायची, म्हणून आईने विचारणं सोडलं. थोइबाला पोरं "मोमो" म्हणायची, "चायनीज" म्हणायची, "ए नेपाळी, पासपोर्ट दाखव" म्हणायची. सोसायटीतल्या बायका त्यांच्या स्वयंपाकाच्या वासावरून नाक मुरडायच्या.

साहजिकच "मले" आणि "मोमो" यांची दोस्ती झाली. दोघं पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात क्रिकेट खेळायचे आणि घामेजून आमच्याकडे जेवायला यायचे. थोइबा मराठी शिकला ती आईच्या तोंडून. दारातूनच ओरडायचा, "काकू, मले भूक लागली! काय करून राह्यल्या?" आई हसून हसून बेजार व्हायची. "ह्या पोराले बोली कशी समजली पाय," ती मला म्हणायची. त्या सगळ्या कॉलनीत आमच्याशी आमच्या बोलीत बोलणारा तो एकटाच होता, आणि गौरव मान खाली घालून भात कालवत राहायचा.

गौरव नववीत असताना शाळेबाहेर चार-पाच पोरांनी त्याला गटारीत ढकललं. त्या वेळी बुलेटवरून एक जण आला. बंटीभाऊ. वय फार तर बावीस-तेवीस. पांढरा शर्ट, कपाळावर टिळा, आवाज अगदी मऊ. त्याने गौरवला उठवलं, स्वतःच्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं आणि त्या पोरांकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी तीच पोरं आमच्या दारात येऊन हात जोडून गेली. त्यानंतर गौरवला कोणीही "मले" म्हटलं नाही.

मला तो मऊ आवाज तेव्हाच आवडला नव्हता. पण काय सांगणार? माझा भाऊ कित्येक वर्षांनी ताठ मानेने चालत होता.

मग काळा टीशर्ट आला. बंटीभाऊच्या ग्रुपचा. पाठीवर मुकुटाचं चित्र. मग वाढदिवस आले. बुलेटच्या सीटवर केक, आणि केक कापायला कोयता. मागे गाणं, पुढे मोबाईल, रात्रीत हजारो लाईक. एका व्हिडिओत कोयता गौरवच्या हातात दिसला. बाबांनी त्याला मारलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना स्वतःच म्हणाले, "पोट्टं हाय. वय सरलं का सुटन." मी त्याला गच्चीवर गाठलं. तो म्हणाला, "ताई, तुला नाही कळणार. इथं एकट्याला कोणी माणूस समजत नाही."

ते खरं होतं.

हळूहळू त्या व्हिडिओंमधला केक गेला. माणसं यायला लागली. चौकातला पाणीपुरीवाला, त्याची गाडी उलटवलेली. मग एक बिहारी हमाल, कान धरून उभा. "बाहेरच्यांना धडा," खाली लिहिलेलं. आमच्याच बिल्डिंगमधले शिकलेले लोक त्याला अंगठे देत होते. मी गौरवला म्हणाले, "आपण बी बाहेरचेच आहोत ना रे?" तो म्हणाला, "आपण मराठी आहोत." मी म्हणाले, "तुले मले-मले करून चिडवत होते तवा कोन होतो आपन?" त्याने मोबाईल उचलला आणि खोलीबाहेर गेला.

थोइबा खाली यायचा बंद झाला. जिन्यात समोरासमोर आले तर दोघं भिंतीकडे बघून चालायचे. आई दोघांचंही ताट वाढायची, एक वर पाठवायची.

पुढचं गौरवने मला दवाखान्यात सांगितलं. ग्रुपमधल्या कोणीतरी त्या दोघांचा जुना फोटो शोधून काढला होता, गळ्यात गळे घातलेला. बंटीभाऊने तो सगळ्यांसमोर दाखवला. रागावला नाही. मऊ आवाजातच म्हणाला, "रविवारी त्याला मैदानात घेऊन ये. सुरुवात तू करायची."

त्या रविवारी दुपारी आई पापड वाळत घालत होती. बेमबेम धावत आली. एका पायात चप्पल नव्हती. तिच्या हातातल्या मोबाईलवर लाईव्ह चालू होतं. तिने तो आमच्यापुढे धरला. पडद्यावर टाकीमागचं मैदान होतं आणि थोइबा गुडघ्यावर बसलेला होता.

आम्ही तिघी धावलो. पोरांचं कडं होतं, सगळ्यांचे मोबाईल वर. थोइबाचा ओठ फुटला होता. त्याच्यासमोर माझा भाऊ उभा, हातात कमरेचा पट्टा. गौरवने त्याला आणलं नव्हतं, दुसऱ्याच दोघांनी दुकानातून उचललं होतं. पण पट्टा त्याच्या हातात होता, आणि तो हलत नव्हता.

बंटीभाऊ म्हणाला, "चल मले, दाखव."

इतक्या वर्षांनी तेच नाव. म्हणजे बंटीभाऊला ते पहिल्यापासून माहीत होतं.

थोइबाने वर बघितलं. "गौरव," तो म्हणाला, "घरी जाऊ दे मले."

"आयला, हा पण मले म्हणतो!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळं कडं हसत सुटलं. त्या हसण्यात गौरवने पट्टा टाकला. थोइबाच्या दंडाला धरून त्याने त्याला उभं केलं. मी त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत आमची बोली ऐकली नव्हती. "जाय बे घरी," तो म्हणाला. "पय लौकर."

मागून एकाने कोयता उचलला. कोणावर ते मला आजही नक्की सांगता येत नाही. गौरवने हात मध्ये घातला.

मग मला आईचा आवाज ऐकू आला. जी बाई भाजीवाल्याशी बोलायला लाजायची, ती कडं फोडून आत शिरली होती. "कोनाच्या पोरायले मारून राह्यले रे? दोघंबी माये पोरं हायेत! घ्या, काढा मायाबी फोटो! काढा ना!" तिने गौरवचा हात पदरात गुंडाळला होता आणि पदर लाल होत होता. एकेका पोराच्या मोबाईलसमोर जाऊन ती उभी राहत होती. एकेक मोबाईल खाली गेला. बाल्कन्यांमधून लोक बघत होते. खाली कोणी आलं नाही. बुलेट सुरू झाली, मागे बाकीच्या गाड्या, आणि मैदानात आम्ही पाच जण उरलो.

गौरवच्या डाव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. तक्रार झाली, काही पोरं धरली गेली, वय कमी म्हणून सुटली. बंटीभाऊही जामिनावर बाहेर आला. तो आल्याच्या संध्याकाळी ग्रुपवर गौरवचा फोटो फिरला, चेहऱ्यावर लाल फुली मारलेला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. तोवर बेमबेमने खोली रिकामी केली होती. जाताना तिने आईला घट्ट धरलं. कुठे चाललो ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, माहीत नसलेलंच बरं होतं. थोइबा गौरवच्या पलंगाशी बराच वेळ बसला. दोघं काय बोलले मला माहीत नाही, दार लावलेलं होतं.

बाबांनी गौरवची बॅग भरली. म्हणाले, "इंझोरीले ठेवतो याले, आत्यापाशी. तिथं आपले लोक हायेत."

तर तो असा वापस आला.

हे मी कदाचित लिहिलंही नसतं. पण या दिवाळीत मी गावी आले, तेव्हा आत्याचा मुलगा मंगेश मला फाट्यावर घ्यायला आला होता. त्याच्या अंगात काळा टीशर्ट होता. पाठीवर वाघ. रस्त्यात शाळेमागे सोयाबीन सोंगायला मध्य प्रदेशातून आलेल्या माणसांची पालं होती. मंगेशने गाडी हळू केली, उगाच हॉर्न वाजवला. पालाबाहेर चूल पेटवणारी बाई पोराला ओढून आत गेली. "आमी काल याह्यचे आधार कार्ड चेक केले," मंगेश हसत म्हणाला. "बाहेरचे लोकं, ध्यान ठेवा लागते." मग म्हणाला, "ताई, गौरवचा अठरावा बड्डे हाय ना, बॅनर लावून राह्यलो फाट्यावर. सेंटरले त्याचाच फोटो. कोयता झेलला भाऊनं!"

सकाळी बॅनर लागलं होतं. पट्टी बांधलेला हात मोठा करून छापला होता. भोवती गावातल्या पोरांचे चेहरे, सगळ्यांना गॉगल. मी त्यातल्या प्रत्येकाला चड्डीत फिरताना बघितलेलं आहे.

गौरवला मी सांगायच्या आधीच कळलं होतं. तो भर दुपारी फाट्यावर गेला, हॉटेलवाल्याची शिडी मागून घेतली आणि वर चढला. धड हाताने खांब धरला होता, त्यामुळे दोऱ्या त्याला दाताने सोडाव्या लागल्या. वेळ लागला. एसटीची वाट बघणारी माणसं बघत होती. कोणी अडवलं नाही, कोणी शिडीही धरली नाही, म्हणून मी धरली. पोरं गाड्यांवर बसून होती. मंगेशचा चेहरा पडला होता. "काहून बे?" तो म्हणाला. "तुयासाठीच तं लावलं."

गौरव खाली उतरला. बॅनरची घडी घातली. "मी कोनाचाच भाऊ नाई," तो म्हणाला. "त्या पालातल्या लोकायच्या नादी लागू नका. मी पाह्यलं हाय पुढं काय होते."

आम्ही निघालो तेव्हा मागून एक पोरगा अगदी शांतपणे म्हणाला, "पुन्याले जाऊन बाहेरचाच झाला हा." त्यावर बाकीचे हसले. मी ते हसणं ओळखते.

मी परत पुण्यात आहे. आई आता जिन्यात मोठ्याने बोलते, कोण हसतं ते बघत नाही. रोज संध्याकाळी मी आत्याला फोन करते. गौरव वावरातून यायच्या वेळेला पोरं गाड्या घेऊन घरासमोरून जातात, हॉर्न वाजवतात, थांबत नाहीत. मंगेश त्यांच्यात असतो का, हे आत्या सांगत नाही. ती तुरीच्या शेंगा घेऊन उंबऱ्यात बसते आणि मला म्हणते, "थांब, बंद करू नोको, दिसन तो आता." मी फोन कानाला लावून थांबते. वळणावर तो दिसेपर्यंत आत्या शेंगा सोलत राहते. पूर्वी मला घर म्हटलं की इंझोरी, मंगरूळपीर, दर्ग्यापुढचा बाजार, सगळा मुलूख डोळ्यांपुढे यायचा. आता तो उंबरा येतो, आणि त्या वळणापर्यंतचा रस्ता.