तीन पावलं रिकामी खुर्ची

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, त्या दिवशी देशातली सर्वांत मोठी खुर्ची सुमारे तीन पावलं रिकामी होती आणि मी टीव्हीसमोर घाबरून उभा होतो.

संसदेत नव्या राष्ट्रपतींनी शपथ घेतली. मग रिवाजाप्रमाणे मावळते आणि नवे, दोघेही खुर्च्यांची अदलाबदल करायला उठले. एरवी एकमेकांवर ओरडणारे खासदार चिडीचूप बसून बघत होते. बघणं एवढंच त्यांचं काम होतं. आणि मला एकदम धडकी भरली. मावळते उठलेच नसते तर? आमच्या सोसायटीचे अध्यक्ष मुदत संपून दोन वर्षं झाली तरी उठलेले नाहीत. आम्ही चाळीस बिऱ्हाडं त्यांचं काही वाकडं करू शकलो नाही. इथे तर अख्खा देश, आणि तो एका वयस्कर माणसाच्या मुकाट उठण्यावर टांगलेला!

खुर्ची अजून रिकामीच होती. मी टीव्हीच्या आणखी जवळ सरकलो. राजकारणात काडीचा रस नसलेली माझी बायकोही वाटाणे सोलायची थांबली. शेवटी तीच टीव्हीवर ओरडली, "अहो, बसा आधी! आमचे अध्यक्ष बघत असतील!"