चंद्रापलीकडचा मामा

आमचा मामा बसलेला मी कधी पाहिला नाही. आला की उभा राहायचा आणि काम झालं की उभ्याउभ्याच निघून जायचा. त्याचं तोंडही कुणी पाहिलं नव्हतं. खांद्यापासून पायापर्यंत धातूच्या खवल्यांचा, हलला की वाजणारा लांबलचक झगा, चेहऱ्याच्या जागी जाळी, आणि जाळीमागे कमीजास्त होत राहणारा उजेड. वय विचाराल तर पृथ्वीपेक्षा जास्त. असा हा मामा दर रविवारी सकाळी हसनाबादला आमच्या घरी यायचा. म्हणजे टीव्हीवर यायचा.

परदेशी मालिका होती, हिंदीत आवाज भरलेली. अंतराळात भटकणारं एक मोठं जहाज, त्यावर बायकापोरांसकट राहणारी माणसं, आणि अडचणीच्या वेळी त्यांच्यात येऊन उभा राहणारा हा कुठल्याशा दूरच्या ताऱ्यावरचा जीव. त्याला नाव नव्हतं. जहाजावरचे लोक नुसतं ‘प्राचीन’ म्हणायचे. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट, त्यामुळे जाळीमागच्या उजेडाचा रंग कोणता यावर माझं आणि धाकट्या दिलीपचं कायम भांडण. मी म्हणायचे निळा, तो म्हणायचा लाल. शेवटी आईने निकाल दिला, “हळदीवानी पिवळा हाय. गप बसा आता.” त्यानंतर तो पिवळाच होता.

बोलण्याच्या बाबतीत तो फार कंजूष. सगळ्या भागात मिळून एखादं वाक्य. कप्तान बिचारा जीव तोडून विचारायचा, हल्ला कुठून होणार, आम्ही वाचणार का, आणि हा सावकाश म्हणायचा, “पूछो मत। देखो।” आमचे वडील, नाना, अशा वेळी भयंकर चिडायचे. “सरळ सांगायला ह्याला काय खर्चा येतो का?” एकदा कप्तानाने वय विचारलं, तर उत्तर आलं, “जितनी रोशनी की।” नाना म्हणाले, “आमचा आज्जाबी असाच होता. वय इचारलं की म्हनायचा, निजामाच्या आधीचा हाय.” आम्ही पोटं धरून हसलो. आई हसली नाही. “मोठ्या मानसानं कमीच बोलावं,” एवढंच म्हणाली.

आईला राग यायचा तो जहाजावरच्या लोकांचा. एवढा वडीलधारा पाहुणा येतो, आणि त्याला कुणी बस म्हणत नाही, पाणी विचारत नाही, जेवलास का म्हणत नाही. “येवढालं जहाज हाय, पन एक पाट न्हाई कुनाकडं,” ती म्हणायची. नाना म्हणायचे, अगं त्याला तोंडच नाही, तो पाणी पिणार कुठून. “त्यो पिईल न्हाईतर न्हाई. इचारायचं आपलं काम हाय.” मग नाना टीव्हीकडे बघून म्हणायचे, “बसा पाव्हणं, बसा,” आणि आईकडे तिरक्या नजरेने बघायचे.

आता या पाहुण्याचा मामा कसा झाला ते सांगते. आईला एक धाकटा भाऊ होता. ती स्वतः परकर नेसायच्या वयाची असताना तो तापाने गेला, तिने त्याला भाऊबीजेला ओवाळून थोडेच दिवस झाले होते. घरात रडारड चाललेली असताना आईची एक चुलती बोलून गेली, “पोरीच्या हाताला यश न्हाई.” चुलती बोलली आणि विसरली असेल. आई विसरली नाही. त्यानंतर तिला भाऊ झाला नाही, आणि भाऊ नसलेल्या बायका करतात तसं ती दर भाऊबीजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. नानांना, दिलीपला सणावाराला ओवाळायची तेव्हाही तिचे ओठ हलत असायचे. आम्हाला वाटायचं, स्तोत्र म्हणते.

मालिकेच्या एका भागात कप्तानाच्या लहान मुलाला ताप चढला. जहाजावरच्या डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा हा आला आणि मुलाच्या उशाशी उभा राहिला. औषध नाही, मंतर नाही, नुसता उभा. त्याच्या जाळीतला उजेड हळूहळू कमी होत गेला आणि मुलगा डोळे उघडून आईला हाक मारू लागला. सगळे मुलाभोवती जमले तोवर हा दारातून बाहेर पडलाही होता. आई भाकरीच्या पिठाने भरलेले हात तसेच धरून उंबऱ्यात उभी होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. नाना नेहमीप्रमाणे चेष्टेत म्हणाले, “भाऊ शोभतो बरं का तुझा.” आई पदराने डोळे पुसत म्हणाली, “हायेच.” त्या दिवसापासून दिलीप आणि मी त्याला मामा म्हणू लागलो. शाळेत पोरं मामाच्या गावच्या गोष्टी सांगायची तेव्हा दिलीप छाती काढून सांगायचा की आमच्या मामाच्या गावाला अजून एकही एस.टी. गेलेली नाही.

त्या वर्षी भाऊबीज रविवारी आली. सकाळी नाना चहा पिता पिता म्हणाले, “चंद्राला ववाळतीस, मंग ह्यो तर चंद्राच्याबी पल्याडचा. ह्याला कशापाई सोडायचं?” नाना गंमत करत होते. आई मात्र चुलीपुढून उठली आणि न्हाऊन आली. नवं लुगडं नेसली. टीव्हीसमोर पाट मांडून भोवती रांगोळी काढली. मामा पडद्यावर येताच तिने बोट पुढे करून काचेवर, जाळीच्या बरोबर मधे, कुंकू लावलं. मामा हलला, कुंकू तिथेच राहिलं. आम्हाला हसू येत होतं, पण आईचा चेहरा बघून दोघांनीही ओठ दाबून धरले.

तिने ताट उचललं आणि ओवाळायला सुरुवात केली, तोच शेजारची पोरं मालिका बघायला धाडकन दार उघडून आत आली. वारा आला. निरांजन विझलं. आईने घाईघाईने काडी ओढली, मग दुसरी काडी ओढली. वात लागली तोवर पडद्यावर भलतंच काही सुरू झालं होतं. जहाजाला भगदाड पडलेलं, माणसं सैरावैरा पळताहेत, आणि मामा एकटाच त्या भगदाडाच्या तोंडाशी अंगाची भिंत करून उभा. बघता बघता जाळीतला उजेड गेला. खवल्यांचा झगा आतून रिकामा झाल्यासारखा खाली कोसळला. भाग संपला.

पुढच्या रविवारी त्या वेळेला जंगली प्राण्यांचा कार्यक्रम लागला. त्याच्या पुढच्या रविवारीही तोच. मालिका बंद झाली होती. का, ते कुणी सांगितलं नाही. नाना भोकरदनला टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मुद्दाम चौकशी करून आले. तो म्हणाला, मी टीव्ही दुरुस्त करतो, मालिका नाही. मामा मेला की जगला हे आमच्या अख्ख्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. काचेवरचं कुंकू आईने बरेच दिवस कुणाला पुसू दिलं नाही. मग एके सकाळी ओल्या फडक्याने तिनेच पुसलं.

आणि तिने ओवाळणं सोडलं. आधी आमच्या लक्षात आलं नाही. दिलीप दहावीच्या परीक्षेला निघाला तेव्हा तिने ताट तयार केलं आणि माझ्या हातात दिलं. “तू ववाळ. माझे हात भरलेत.” हात कोरडे होते. पाडव्याला नानांना ओवाळायचं तर तिला नेमकं काहीतरी चुलीवर असायचं. माझ्या लग्नात जावयाला शेजारच्या काकूंनी ओवाळलं, दिलीपच्या लग्नात मी. भाऊबीजेला अंगणातही ती जाईनाशी झाली. लग्न झाल्यावर एकदा मी तिला धरूनच बसले, तेव्हा तिने चुलतीचं ते वाक्य सांगितलं, आणि ओवाळताना ओठांत काय म्हणायची तेही: माझ्या हाताचं ह्याला लागू नये. “येकदा झालं तर म्हनलं योग असंल. दुसऱ्यांदा झालं. आता म्या दिलीपला ववाळू व्हय?” नाना बाजेवरून म्हणाले, “दार उघडं होतं म्हून इझला त्यो. कितीदा सांगू?” वर्षानुवर्षं ते हेच एक वाक्य बोलत आले होते. आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

एवढी शहाणी बाई टीव्हीतल्या खोट्या माणसासाठी झुरते, हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला. मला हसू आलं नाही. खोटा होता हे तिलाही माहीत होतं. पण तिच्या ताटातला दिवा खरा होता, आणि तो विझला होता.

पुढे केबल आली. मी जालन्यात राहत होते. दिलीपही जालन्यातच, एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता मी टीव्ही लावला, आणि खवल्यांचा तो ओळखीचा आवाज आला. हातातला शर्ट हातातच राहिला. तीच मालिका, रोज दुपारी एक भाग. आता टीव्ही रंगीत होता. मामाच्या जाळीमागचा उजेड हिरवा निघाला, कोवळ्या हरभऱ्यासारखा. आम्ही तिघंही चुकलो होतो.

मी कुणाला काही बोलले नाही. रोज एकटी बघत राहिले. तापाचा भाग येऊन गेला. मग भगदाडाचा आला, मामा पुन्हा कोसळला, आणि पाटी आली की पुढचा भाग उद्या. ठरवलं, आधी आपण एकटीने बघायचं. जगला तर आईला सांगायचं, गेला असेल तर हे आपल्यापाशीच ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी नेमके आई आणि नाना आले. नानांच्या डोळ्याला जाळं आलं होतं, दवाखाना करून ते परस्पर माझ्याकडे आले होते. मी उठून टीव्ही बंद करणार तोवर आई उंबऱ्यात थबकली. पडद्यावर जहाजातली सगळी माणसं माना खाली घालून उभी होती आणि मधे, टेबलावर, तो रिकामा झगा पसरलेला. तिने पदर डोक्यावर घेतला आणि तिथेच खाली बसली.

“आई, चहा टाकते, तू आत ये.”

“ऱ्हाऊ दे. बंद करू नको.”

कप्तान मेलेल्या माणसाविषयी बोलतात तसं काहीतरी बोलत होता. त्याचा लहान मुलगा पुढे झाला आणि त्याने झग्यावर हात ठेवला. मला बघवेना. मी आईकडेच बघत होते. शेवटी ती गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. “चल,” म्हणाली, “झालं त्ये झालं.” नाना सवयीने म्हणाले, “दार उघडं होतं ना.”

तेव्हाच झग्याच्या बाहीत काहीतरी हललं. खवले वाजले. जाळीमागे हिरवं टिपूस दिसलं, मोठं झालं, आणि तो उठला. बसलाबिसला नाही, थेट उभा राहिला. माणसं किंचाळली. मामाने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि त्याच्या नेहमीच्या कंजूषपणाने म्हणाला, “देर हुई।”

“झाली तर झाली,” आई म्हणाली. “आलास ना.” मग तिला जे रडू फुटलं ते आवरेना. मी तिला धरलं तर मलाही आवरेना. नानांना एका डोळ्याने धड दिसत नव्हतं. ते विचारत राहिले, “काय झालं? उठला का त्यो? उठला?” आणि मी हो म्हटल्यावर त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला कळलं, तेही इतकी वर्षं घोर लावून बसले होते.

संध्याकाळी दिलीप कामावरून सुटून त्या दोघांना न्यायला आला. हातांना बियाण्याच्या औषधाचा गुलाबी रंग, केसांत धूळ, डोक्यात घरी जायची घाई. त्याला वाटलं, रिपोर्ट वाईट आला म्हणून सगळ्यांचे डोळे सुजलेत. “डॉक्टर काय म्हन्ले?” त्याने घाबरून विचारलं. आई म्हणाली, “डॉक्टर बराबर म्हन्ले. तू हातपाय धू अन् पाटावर बस.”

“कशापाई?”

“बस म्हन्लं ना.”

ताट तिने स्वतः लावलं. माझ्या देवघरातलं निरांजन घेतलं, वात दोन बोटांनी सरळ केली. सण नाही, वार नाही, आणि माझा भाऊ ओल्या हातांनी पाटावर भांबावून बसलेला. नाना भिंतीला धरून उठले, चाचपडत गेले आणि कुणी न सांगता दार लावून कडी घालून आले. आईने ते बघितलं आणि हसली. मग तिने दिलीपला कुंकू लावलं आणि सावकाश ओवाळलं. ज्योत सरळ होती. आईचे ओठ हलत नव्हते.

दिलीप ओशाळून खिसे चाचपू लागला. “ववाळणीला कायबी न्हाई गं माझ्यापाशी.”

“ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. “तुझ्या मामानं घातली आज.”